गर्भ रुजण्याआधी अस्तरात काय थांबतं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी लिहिलेली असते. ८ मिलिमीटर, ९ मिलिमीटर. आकडा चांगला दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं. पण जाडीवरून कळतं ते पेशी वाढल्या एवढंच. गर्भ रुजायचा तर त्या पेशींनी वाढणं थांबवावं लागतं. आज बोलायचंय ते या थांबण्याबद्दल.

पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनमुळे अस्तराच्या पेशी भराभर विभागत असतात. अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन चढतं आणि सगळ्यात वरच्या थरातल्या, म्हणजे एपिथेलियमच्या, पेशींचं विभाजन बंद होतं. २८ दिवसांच्या चक्रात साधारण २०व्या ते २४व्या दिवसापर्यंत अस्तर गर्भाला थारा देतं. नैसर्गिक गर्भधारणांवरचा १९९९चा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात बहुतेक गर्भ अंडोत्सर्जनानंतर ८ ते १० दिवसांत रुजले. ९व्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळून गेले. ११व्या दिवसानंतर रुजलेल्यांपैकी ८२ टक्के. दोन-तीन दिवसांत एवढा फरक पडतो.

आता, प्रोजेस्टेरॉन जनुकं चालू-बंद करतं हे सर्वांना ठाऊक आहे. पण छापखाना बंद केला म्हणून वाटून झालेली पत्रकं गावात फिरायची थांबत नाहीत. तसंच इथे. जनुक बंद झालं तरी त्याचे आधीच निघालेले संदेश, म्हणजे एमआरएनए, पेशीत असतातच. ते गप्प करण्याचं काम मायक्रोआरएनए करतात.

मायक्रोआरएनए (थोडक्यात ‘मिर’) म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा धागा. केंद्रकात आधी लांब धागा तयार होतो. ड्रोशा नावाचं एन्झाइम त्यातून सुमारे ७० अक्षरांचा, केसांच्या पिनेसारखा वळलेला तुकडा कापतं. तो केंद्रकाबाहेर आला की डायसर त्याचं टोक छाटतं आणि उरलेल्या जोडीतला एक धागा अर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसतो. त्याची २ ते ८ क्रमांकाची अक्षरं एखाद्या संदेशाच्या शेपटाशी जुळली की तो संदेश वाचला जात नाही, बहुधा मोडूनच जातो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना १९९३मध्ये हे एका सूक्ष्म कृमीत दिसलं. नोबेल मिळालं २०२४मध्ये. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की जुळवायची अक्षरं सातच. त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना लागू पडतो. ‘अमुक मिर वाढला म्हणून गर्भ रुजला नाही’ असं एका ओळीचं विधान कुणी केलं, तर मी तरी सावध होतो.

२०१०मध्ये अंडोत्सर्जनाआधीचं आणि नंतरचं एपिथेलियम शेजारी ठेवून तपासलं गेलं. नंतरच्या नमुन्यांत १२ मायक्रोआरएनए वाढलेले निघाले. मिर-३०बी, मिर-३०डी, मिर-२९सी, मिर-२००सी, मिर-२१० त्यांतलेच. त्यांच्या संभाव्य लक्ष्यांत पेशीविभाजन चालवणारी जनुकं बरीच होती. खालच्या थरात, स्ट्रोमात, गंमत उलटी आहे. तिथे मिर-२२२ कमी होतो. एरवी तो पी५७ या प्रथिनाला दाबून ठेवतो आणि पी५७ हा विभाजनाचा ब्रेक आहे. ब्रेकवरचा हात निघाला की पेशी विभाजन सोडून डेसिड्युआ, म्हणजे गर्भाला सामावून घेणारं अस्तर, बनण्याच्या मार्गाला लागते. एका थरात मिर वाढून जे साधतं, ते दुसऱ्या थरात मिर घटून साधतं.

मिर-३०डी तर पेशीबाहेरही पडतो. अस्तराच्या स्रावात तो सापडतो, आणि प्रयोगशाळेत उंदराच्या गर्भांनी तो आत घेतल्यावर त्यांची चिकटण्याची ताकद वाढली, असं २०१५मध्ये दाखवलं गेलं. उंदराचे गर्भ, तेही बशीत. माणसाबद्दल बोलताना हे विसरू नये.

हे मिर मोजायला अस्तराचा नमुना लागतो. आता त्याकडे येऊ, कारण घोळ होतात ते तिथे. पिपेलने, म्हणजे अस्तराचा तुकडा खेचून घेणाऱ्या बारीक नळीने, तुकडा घ्यायचा तो गर्भाशयाच्या वरच्या भागातून. नैसर्गिक चक्रात एलएचच्या (अंडं बाहेर पाडणाऱ्या संप्रेरकाच्या) उसळीनंतर ७व्या दिवशी, औषधांच्या चक्रात प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यापासून साधारण १२० तासांनी. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजला, तर तुलनाच चुकते. तुकडा सलाईनमध्ये धुवायचा, कारण रक्तातल्या तांबड्या पेशींत मिर-४५१ए खच्चून भरलेला असतो. लगेच आरएनएलेटरमध्ये, म्हणजे आरएनए टिकवणाऱ्या द्रवात, टाकायचा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर द्रव आतपर्यंत पोचत नाही. आरएनए काढताना नेहमीच्या पद्धतीने कॉलम (आरएनए धरून ठेवणारी गाळणी) वापरला तर २०० अक्षरांखालचे तुकडे धुऊन जातात, म्हणजे नेमकं जे हवं तेच. त्यासाठी इथॅनॉलचं प्रमाण वाढवावं लागतं.

एवढं सांभाळूनही एक सापळा उरतो. मिर-२०० कुटुंब मुख्यतः एपिथेलियमचं, आणि ग्रंथी एपिथेलियमच्याच बनलेल्या असतात. तुकड्यात ग्रंथी कमी आणि स्ट्रोमा जास्त आला, की मिर-२०० ‘घटलेला’ दिसतो. आजार नसतो, पिपेल कुठे घासली एवढंच कळतं.

स्राव किंवा प्लाझ्मा तपासत असाल तर मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्या सीक्यू आकड्यांतला फरक बघा. सीक्यू म्हणजे पीसीआरच्या कितव्या चक्रात तो रेणू दिसू लागला तो आकडा. प्लाझ्मात तो ७च्या वर गेला तर रक्तपेशी फुटल्याची दाट शंका घ्यायची. दर चक्रात दुप्पट, म्हणून ७ चक्रं म्हणजे १२८ पट. अशा नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. नावांवरही आंधळा विश्वास नको. अस्तराच्या अभ्यासात ठळक दिसलेला मिर-९२३ पुढे राइबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएचा तुटलेला तुकडा असल्याचं लक्षात आलं आणि मायक्रोआरएनएंच्या यादीतून काढला गेला.

अस्तराची ‘वेळ’ सांगणाऱ्या चाचण्या आज विकल्या जातात. त्यांतल्या एका एमआरएनए चाचणीचा मोठा यादृच्छिक अभ्यास, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीनुसार वेळ बदलून गर्भाशयात गर्भ सोडलेल्या गटात ५८.५ टक्के जणींना बाळ झालं, नेहमीच्या वेळी सोडलेल्या गटात ६१.९ टक्के जणींना. फायदा दिसला नाही. मायक्रोआरएनएचं किट घेऊन कुणी आलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा: नमुना कितव्या तासाला घेतला, ग्रंथी आणि स्ट्रोमाचं प्रमाण कसं धरलं, आणि जिवंत जन्मांची यादृच्छिक तुलना कुठे आहे?