माटोळीचा हुक आणि हॅमर मशीन

नमस्कार मंडळी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आपल्या गोव्यात घराघरात भोकं पाडायची कामं निघतात. जुन्या घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची चौकट, वाशालाच बांधलेली असायची, तिथे काही प्रश्नच नव्हता, पण आता खाली-वर सगळा स्लॅब, मग माटोळीच्या चौकटीला हुक पाहिजेत आणि साधी ड्रिल मशीन काँक्रीटवर नुसती किंचाळते, आत काय जात नाही. मग हार्डवेअरवाल्याकडून भाड्याने नाहीतर शेजाऱ्याकडून रोटरी हॅमर येतो, आणि घरातला जो कोण उत्साही असेल तो थेट बटण दाबून मोकळा होतो. आज त्याच मशीनबद्दल बोलूया.

साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून थरथर येते, म्हणून मागून अंग टाकून रेटावं लागतं. रोटरी हॅमरचं तसं नाही. यात पिस्टन असतो, तो हवा दाबतो, ती हवा पुढच्या लोखंडी ठोकळ्याला ढकलते आणि तो ठोकळा बिटच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीच्या, बुडावर ठोके देतो, म्हणजे ठोकायचं काम हवेचं, तुमचं काम फक्त मशीन सरळ धरायचं. जास्त रेटलं तर भोक लवकर पडत नाही, बिट तापतं आणि हात भरून येतात.

बिट बसवायचं ते मशीनचा विजेचा प्लग काढून. घरगुती मशीनला एसडीएस प्लस बिट लागतं, त्याचं मागचं टोक १० एमएमचं, त्यावर चार खाचा. टोक पुसून घ्या, त्यावर थोडं ग्रीस लावा, मशीनच्या तोंडावरची कॉलर (सरकणारी कडी) मागे ओढा, बिट आत घालून किंचित फिरवा, खाचा जुळल्या की ते आत बसतं, मग कॉलर सोडा आणि बिट ओढून बघा. बाहेर नाही आलं म्हणजे झालं. ते थोडं मागेपुढे हलतं म्हणून घाबरू नका, ठोका घ्यायला तेवढी जागा त्याला लागतेच.

आता मोड. नुसतं फिरणं, फिरणं आणि ठोकणं, आणि नुसतं ठोकणं, असे तीन मोड बहुतेक मशीनवर असतात. मोड बदलायचा तो मशीन पूर्ण थांबल्यावरच, चालू मशीनचा खटका फिरवला तर आतले गिअर बोंबलले म्हणून समजा. आणि माझं स्पष्ट मत सांगतो, गोव्यात हॅमर, म्हणजे ठोकायचा मोड, चालू कसा करायचा यापेक्षा तो बंद कधी ठेवायचा हे आधी शिकायला पाहिजे, कारण आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभा दगडाच्या. चिरा सच्छिद्र, ठिसूळ, त्यावर ठोके दिले की ८ एमएमचं भोक बघता बघता १२चं होतं, स्क्रूसाठी आत बसवलेला प्लास्टिकचा प्लग गरागरा फिरतो आणि मग लोक काडेपेटीच्या काड्या कोंबत बसतात. भुकटी बघा ना, आधी राखाडी पडते ते प्लास्टर, मग तांबडी यायला लागली की चिरा लागला, तिथे थांबून हॅमर बंद करायचा आणि नुसतं फिरवत हळूहळू आत जायचं. भोक चिऱ्याच्या मधोमध घ्या, सांध्यात नको, जुन्या घरात सांध्यात निव्वळ माती असते. प्लगही जरा लांब घ्या.

स्लॅबला मात्र हॅमर पाहिजेच. तिथे माटोळीचं वजन टांगायला प्लास्टिकचा प्लग चालणार नाही हां, नारळ, सुपारीचे घड, तवशी, सगळं मिळून बरंच वजन होतं आणि खाली गणपती! लोखंडी अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) घ्या, त्यावर लिहिलेल्या मापाचंच बिट वापरा, आणि खोली मोजायला बिटवर टेप गुंडाळा. सुरुवात हळू करा, बिट जागेवर बसलं की वेग वाढवा, मधेमधे बिट बाहेर काढून भुकटी पडू द्या. वर बघून काम करताना सगळा चुरा डोळ्यात येतो, म्हणून गॉगल घाला, तोही बाजूने बंद असलेला, साधा चष्मा कामाचा नाही. सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते ती कायमची, तेव्हा रुमालाऐवजी एन ९५ मास्क. कानात बोळे.

आणि सगळ्यात मोठा धोका सळईचा. बिट सळईत अडकलं की बिट थांबतं पण मशीन फिरायला बघते, मनगट पिरगळतं, स्टुलावर उभे असाल तर थेट खाली. म्हणून बाजूची मूठ लावल्याशिवाय मशीन हातात घेऊच नका, लोक नेमकी तीच काढून ठेवतात, आड येते म्हणून. मशीनला क्लच असतो, बिट अडकलं की तो फिरणं तोडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शिडी पक्की, खाली एक माणूस धरायला, आणि बटण लॉक करून ठेवायचं नाही, बोट सोडलं की मशीन थांबली पाहिजे. सळई लागली तर तिच्याशी भांडू नका, भोक दोन-तीन इंच सरकवा.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते, बाथरूमच्या भिंतीत पाइप असतात ते लक्षात ठेवा. आपल्याकडे चवथ पावसात येते, भिंती ओल्या, फरशी ओली, तेव्हा घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघून घ्या, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडा, पायात चप्पल पाहिजे. लुंगी, ओढणी, गळ्यातली साखळी बिटपासून लांब.

काम झालं की बिटला लगेच हात लावू नका, चटका बसतो. थंड झाल्यावर काढा, पुसा, तेलाचा हात फिरवून ठेवा, आपल्या खाऱ्या हवेत चार दिवसात गंज धरतो. आणि मशीन भाड्याची असेल तर परत देताना बाजूची मूठ डब्यात आहे ना तेवढं बघा, दुकानदार पहिली तीच मागतो. नमस्कार.