पावतीपुस्तकाबरोबरची दुसरी वही

नमस्कार श्रोतेहो.

गावच्या वाचनालयासाठी किंवा शाळेच्या खोलीसाठी वर्गणी मागायला नव्यानं निघालेल्या कार्यकर्त्यांशी आज बोलायचं आहे. पावतीपुस्तक हातात असतंच. सोबत दोनशे पानी वही ठेवा. रकमा पावतीवर येतात; मागताना काय घडलं ते या वहीत लिहा.

डावं पान घडलेल्या गोष्टीचं. फेरी संपली की त्याच रात्री पंधरा मिनिटं बसायचं आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. सकाळवर ढकललं की शब्द निसटतात, 'माणूस चिकट आहे' एवढं आपलं मत तेवढं उरतं. समजा, पानावर आहे: 'शनिवार, संध्याकाळी सात. काकू म्हणाल्या, हे आल्यावर या. मी बरं म्हणून निघालो.' आठवड्यानं हेच वाचून उजवं पान भरायचं: 'मी हा नकार धरला. काका कधी येतात ते विचारलंच नाही. काकूंच्या हाताला भाकरीचं पीठ होतं, तरी पाणी विचारलं. मी उंबऱ्यातूनच नको म्हणालो.' खरी चूक इथं सापडते. घोटभर पाणी घेतलं असतं तर बसणं झालं असतं, आणि बसल्याशिवाय वर्गणीचं बोलणं पुढं सरकत नाही.

प्रत्येक घराची देण्याची रीत वेगळी, आणि ती वहीतूनच उमगत जाते. पितृपक्षात नवी खरेदी टाळणारं घर वडिलांच्या तिथीला त्यांच्या नावानं पुस्तकं देऊ शकतं. रमजानमध्ये जकात, म्हणजे मुसलमानांचं बंधनकारक धर्मदान, मागण्याआधी माहीत हवं, की ती कुणाला द्यायची हे ठरलेलं असतं. वाचनालयाच्या इमारतीत ती बहुधा बसत नाही, सदका, म्हणजे ऐच्छिक दान, बसतो. शेतकऱ्याकडे माल विकल्यावर जावं, पेरणीच्या तोंडावर नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या मुष्टिफंडासाठी बायका घरातलं मूठभर धान्य बाजूला काढत. रोकड नसलेल्या घरालाही मानानं देता येईल, असं ते मागणं होतं! आपण मात्र सगळ्या दारांत एकच आकडा घेऊन उभे राहतो.

वहीत घराचं नाव लिहू नका, खूण पुरे. कुणाचं कर्ज, आजारपण कानावर आलं तर ते कागदावर नकोच. आणि संस्था नोंदलेली नसेल तर आधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या.

चार आठवड्यांनी उजवी पानं सलग वाचा. एकच चूक तीनदा दिसली तर पुढच्या फेरीत तेवढीच बदला. काकूंच्या घरी परत जायचं राहून गेलं असेल, तर रविवारी सकाळी जा. काका घरी असतील.