समांतर दिसणे आणि समांतर असणे

समोर आलेख-कागद आहे. एक सेंटिमीटर म्हणजे एक एकक, असे प्रमाण धरून त्यावर दोन रेषा काढल्या आहेत. पहिली २क्ष + ३य = ६ या समीकरणाची; ती (३, ०) आणि (०, २) या बिंदूंतून जाते. दुसरी २००क्ष + ३०१य = १२०० या समीकरणाची; ती (६, ०) मधून निघते आणि य-अक्षाला चाराच्या खुणेच्या इतकी लगत छेदते, की पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत तो फरक हरवून जातो. पट्टीच्या कडेने गुण्या सरकवून पाहिला, तरी दोन्ही रेषा समांतरच वाटतात.

तशा त्या नाहीत. (−८९७, ६००) हा बिंदू दोन्ही समीकरणांत घालून पाहावा. पहिल्यात −१७९४ + १८०० म्हणजे ६ येतात. दुसऱ्यात −१,७९,४०० + १,८०,६०० म्हणजे १२००. कागद याच प्रमाणात वाढवत नेला, तर आरंभबिंदूच्या डावीकडे जवळजवळ नऊ मीटर आणि वर सहा मीटर गेल्यावर या रेषा एकमेकींना छेदतात.

एकाच प्रतलातील ज्या रेषा दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी कुठेच भेटत नाहीत, त्या समांतर, अशी व्याख्या युक्लिडने केली. ‘कितीही’ या शब्दाला पुरेल असा कागद नाही; म्हणून सिद्धतेसाठी समीकरणाकडेच वळावे लागते.

आता दुसरे समीकरण बदलून ४क्ष + ६य = २४ असे घेऊ. समजा, एखादा बिंदू या रेषेवरही आहे आणि २क्ष + ३य = ६ या रेषेवरही आहे. पहिल्या समीकरणाला २ ने गुणले, तर त्या बिंदूसाठी ४क्ष + ६य ची किंमत १२ यायला हवी. दुसरे समीकरण तीच किंमत २४ सांगते. एकाच राशीला एकाच वेळी दोन किमती असू शकत नाहीत, म्हणजे असा बिंदू नाही आणि रेषा समांतर आहेत. एवढ्या चार ओळींत अनंत अंतरापर्यंतचा प्रश्न मिटतो, हे मला बीजगणिताचे फार मोठे देणे वाटते.

शाळेत आपण बहुधा चढ काढतो. येथे दोन्ही रेषांचा चढ −२/३ आहे. मात्र चढ समान आला म्हणून थांबू नये, कारण ४क्ष + ६य = १२ या समीकरणाचाही चढ तोच आहे आणि ती तर पहिलीच रेषा आहे. आपल्या दोन रेषा य-अक्षाला वेगवेगळ्या बिंदूंत, २ वर आणि ४ वर, छेदतात, हेही दाखवावे लागते. शिवाय क्ष = २ आणि क्ष = ५ या उभ्या रेषांना चढच नसतो, आणि तरी त्या समांतर आहेत.

म्हणून सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे पहिल्यातील क्ष चा सहगुणक गुणिले दुसऱ्यातील य चा, वजा पहिल्यातील य चा गुणिले दुसऱ्यातील क्ष चा, अधिक भरवशाचा: तो उभ्या रेषांनाही चालतो. आपल्या समांतर जोडीसाठी २ × ६ − ३ × ४ = ०. निश्चयक शून्य आला आणि रेषा एकच नाहीत, तर त्या समांतर. पहिल्या, फसव्या जोडीसाठी मात्र २ × ३०१ − ३ × २०० = २. तो शून्य नाही. म्हणून नऊ मीटर डावीकडे जाऊन का होईना, त्या दोन रेषांना भेटावेच लागते.