ठाणे–पनवेल, दिव्यांग डबा

ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, सकाळचे सव्वासात. बाकड्यावर बसलेत ते माझे बाबा. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत आईची फाईल. घरातून निघाल्यापासून तिसऱ्यांदा उघडून बघतायत, फाईल काय मधेच उतरून जाणारे का, पण बोलायची सोय नाही.

आईला ब्रेस्ट कॅन्सर होता. ट्रीटमेंट खारघरला, टाटा हॉस्पिटलचं अ‍ॅक्ट्रेक नावाचं कॅन्सर सेंटर आहे ना, तिथे. परळचं टाटा 1941 पासूनचं, पण आम्हाला ही पनवेल गाडी सोयीची. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं उरकलं, आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. नातेवाईक म्हणतात, सुटलात एकदाच्या. पण खरं सांगू, आमच्याकडे भीती आली ती ट्रीटमेंट संपल्यावर. केमोत घाबरायला टाइमच नव्हता, 21 दिवसांनी पुढचा डोस, मधे रक्त तपासा, पेशी कमी आल्या की डोस पुढे, आणि ताप 100.4 झाला की रात्र असो दिवस असो सरळ हॉस्पिटल गाठा असं सांगितलेलं. बाबा रात्री दोनला उठून तिच्या कपाळाला हात लावायचे. अजून लावतात. ती झोपल्याचं नाटक करते. मला म्हणाली, "लावू दे, त्याशिवाय त्यांना झोप नाही लागत."

आणि तिचं काय, तर तारखेच्या आठ दिवस आधीपासून काखेत काहीतरी टोचतंय. दाखवून आलो की टोचायचं थांबतं.

ट्रीटमेंट चालू होती तेव्हा बाबा संध्याकाळी कोथिंबीर आणायला जायचे ते दीड तासाने यायचे. तलावपाळीला एकटेच फेऱ्या मारायचे, मित्रांचा कट्टा टाळून, कारण तिथे सगळे "वहिनी कशा आहेत" विचारणार, "तू कसा आहेस" कोणीच नाही. मला राग यायचा. मग एक दिवस ऑफिस सुटल्यावर मीपण ऐरोलीला उगाच तीन गाड्या सोडल्या, घरी जावंसंच वाटेना, तेव्हा कळलं.

दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटना बसता येतं. पहिल्यांदा आई चढायलाच तयार नव्हती, "मी काय अधू आहे का?" मग केस गेले, स्कार्फ आला, लोक आपणहून उठायला लागले. आता केस परत आलेत, आधी सरळ होते, आता कुरळे. गेल्या खेपेला घणसोलीला एक काका चढले, त्यांनी झापलंच, "चांगल्या धडधाकट दिसताय की, इथे कशाला बसलात?" बाबा सर्टिफिकेट काढायला गेले, हात थरथरत होते, फाईल पडली, रिपोर्ट डबाभर. आणि आईला हसू आवरेना. "अहो राहू दे ते, धडधाकट म्हणाले ना, परत एकदा ऐकू दे!" हे सगळं तिने घरी येऊन अ‍ॅक्टिंगसकट सांगितलं. काकापण खाली वाकून कागद गोळा करत होते म्हणे.

गाडी लागतेय. बाबा उठलेत. फाईलला आज रबरबँड लावलाय. दोन.