सर ओसरल्यावर

सर ओसरून दहा मिनिटं झालीत. उघड्या रानातून पाणी वाहतंय ते गढूळ, म्हणजे मातीही सोबत चाललीय. बांधाजवळ बोटाने जरा उकरून बघू. दोन इंचांखाली ठणठणीत कोरडं!

पाऊस थोडा नव्हता. हेक्टरभर रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पण थेंब उघड्या मातीवर आदळले, ढेकळं फुटली, बारीक कण छिद्रांत जाऊन बसले आणि वर पापुद्रा धरला. मग पाण्याने उतार धरला.

शेजारच्या तुकड्यात मागच्या पिकाचं काड रानातच पसरलंय. ते बाजूला सारलं की खाली ओल आणि गांडुळांची बिळं दिसतात. इथे थेंबांचा मार काडाने खाल्ला.

पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोमध्ये, याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने १९८०च्या दशकातल्या दुष्काळात दगडासारख्या टणक जमिनीवर ‘झाई’ नावाचे जुन्या पद्धतीचे खड्डे घेतले. पाऊस यायच्या आधीच त्यांत शेणखत घातलं. खताला वाळवी लागली, तिने जमीन पोखरली आणि त्या भोकांतून पाऊस खाली उतरला. वाळवीला मजुरीही द्यावी लागली नाही.

आता ठिबक. ठिबकने पाणी वाचतं, खरंय. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर उपसा होता तेवढाच राहतो. शिवाय मोकाट पाण्यातलं थोडंफार मुरून विहिरीला परत मिळायचं, तेही थांबतं. आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्याने भरणं, हा तर उलटा कारभार झाला. जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी वर आणायचं आणि उन्हाला द्यायचं!

ही विहीर. दोरीच्या टोकाला दगड बांधून आत सोडायचा. वर ओढल्यावर काठापासून ओलीपर्यंत जेवढी दोरी कोरडी, तेवढं पाणी खाली. पाऊसकाळ संपला की एकदा मोजायचं, उन्हाळा सरताना पुन्हा. दोरीवरची ही गाठ गेल्या वर्षी याच दिवसांतली. आज ओल गाठीच्याही दोन हात खाली लागलीय.

बारमाही पिकाचा विषय यंदा इथेच मिटला.