तुपाचं बोट

बुटीबोरी एमआयडीसी, नागपूर. औषधाच्या गोळ्यांचा कारखाना, सकाळची पाळी.

आधी हा आवाज ऐका. हा किरकिराट गिअरचा नाही. दाबून तयार झालेली गोळी डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, भिंतीला घट्ट धरून बसली आहे आणि खालचा पंच, म्हणजे दाबणारा दांडा, तिला जबरदस्तीनं वर ढकलतोय. मशीनवरच्या भाऊंनी आपल्याला दाखवायला म्हणून मुद्दाम वंगण न घालता औषधी मिश्रणाचे थोडे दाणे चालवले. त्यातली ही गोळी. कडेचे उभे ओरखडे बघा.

मोदकाच्या साच्याला आपण तुपाचं बोट फिरवतो. इथं तासाला हजारो गोळ्या पडतात, दर गोळीमागे बोट कोण फिरवणार? म्हणून वंगण थेट मिश्रणातच घालतात. सगळी अडचण इथंच आहे. तूप साच्याला लागायला हवं, पण पिठात मुरायला नको.

ही भुकटी मॅग्नेशियम स्टिअरेटची. चिमटीत चोळली की टाल्कमसारखी घसरते, पाण्यावर टाकली की भिजत नाही. 100 किलो मिश्रणाला साधारण पाव ते एक किलो पुरते. ती आधी बारीक चाळणीतून काढतात आणि बाकी सगळं मिसळून झाल्यावर, अगदी शेवटी ब्लेंडरमध्ये टाकतात. झाकण लागलं. आता भाऊंची नजर घड्याळावर. पाच मिनिटं झाली की ब्लेंडर बंद. चहाला गेलो, विसरलो, असं इथं चालत नाही. जास्त फिरलं की ही भुकटी प्रत्येक दाण्यावर पातळ थरासारखी चढते. मग दाणा दाण्याला धरत नाही आणि पाणीही आत शिरत नाही.

अमरावती रोडवरच्या एका फार्मसी कॉलेजची ही प्रयोगशाळा. पाणी 37 अंश सेल्सिअसवर आहे, जाळीच्या नळ्या खालीवर होताहेत. डावीकडची गोळी पाच मिनिटं फिरवलेल्या मिश्रणाची, उजवीकडची तीस मिनिटं फिरवलेल्याची. घटक तेच, वजन तेच. डावीकडची फुगली, फुटली, संपली. उजवीकडची अजून जशीच्या तशी. साध्या, कोटिंग नसलेल्या गोळीला फुटायला भारतीय औषधकोश 15 मिनिटं देतो. पोटातही हेच घडतं, औषध उशिरा सुटतं.

तरीही वंगणाची निवड बहुतेक ठिकाणी सवयीनं होते, ही आमची तक्रार आहे. मागच्या उत्पादनात जे होतं, तेच पुढच्यात. अ‍ॅस्पिरिनला मॅग्नेशियम स्टिअरेट मानवत नाही, त्याच्या अल्कधर्मी संगतीत अ‍ॅस्पिरिन विघटित होतं. तिथं स्टिअरिक अ‍ॅसिड बरं. ज्यांचं मिश्रण जास्त फिरण्याचा धोका आहे, त्यांच्यासाठी सोडियम स्टिअरिल फ्युमरेट. महाग पडतं, पण वेळेच्या बाबतीत सोशिक आहे. आणि हा ग्लास बघा. फसफसणारी गोळी विरघळली, वर पांढुरकी साय तरंगतेय. तीही मॅग्नेशियम स्टिअरेटचीच. इथं पाण्यात विरघळणारं वंगणच हवं, सोडियम बेन्झोएटसारखं.

पुरवठादार बदलला तरी चाचणी पुन्हा घ्यावी लागते. पिशवीवरचं नाव तेच असतं, कणांचा आकार मात्र बदललेला असू शकतो.

पुन्हा बुटीबोरी. ब्लेंडर थांबला, मशीनचा हॉपर भरला, डाय बसवलेली फिरती चकती, टरेट, फिरू लागली. किरकिराट नाही. भाऊंनी पहिली गोळी उचलली, दिव्यापुढे धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला.