इंजिन आलं बिऱ्हाडासकट

(दृश्य: ग्रेपवाइनचा चढ, गाडीच्या आतून)

बेकर्सफील्डकडून लॉस एंजेलिसला येताना सपाट शेती संपते आणि रस्ता एकदम डोंगराला भिडतो. या चढाला ग्रेपवाइन म्हणतात. वर तेहोन खिंड, समुद्रसपाटीपासून 1,250 मीटरहून उंच. उजव्या लेनमध्ये मालट्रक रांगतायत आणि त्यांच्यामागे, त्यांच्याच चालीनं, दादाची टोयोटा फोररनर. मॉडेल 1991 चं. पाय तळापर्यंत दाबलेला आहे. काटा बघा.

बोनेटखाली तीन लिटरचं व्ही-सिक्स, 2,958 सीसी. नवं होतं तेव्हा 150 हॉर्सपॉवरचं. आता मीटरवर तीन लाख मैल. इतकं चाललेल्या इंजिनाला दोष कसला द्यायचा? थकलंय, एवढंच.

दादा सांगलीचा. या देशात आल्यावर घेतलेली ही त्याची पहिली गाडी, मुलांना शाळेत सोडलेली. ती भंगारात घालायची नाही, हे घरात ठरलेलं. मग त्यानं दुसरा मार्ग काढला. पुढच्या पिढीच्या फोररनरचं 3.4 लिटरचं इंजिन हिच्यात बसवायचं. 3,378 सीसी, 183 हॉर्सपॉवर.

पण हे कॅलिफोर्निया आहे. इथे मोठं इंजिन बसवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे धूर.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

26 जुलै 1943. लॉस एंजेलिसवर असं धुरकं उतरलं की डोळे चुरचुरायला लागले, समोरच्या इमारती दिसेनात. महायुद्ध चालू होतं. शत्रूनं विषारी वायू सोडला, असंच अनेकांना वाटलं. शत्रू घरचाच होता, हे कळायला काही वर्षं जावी लागली. कॅल्टेक या इथल्या विज्ञानसंस्थेत आरी हागेन-स्मित नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाला वास कशामुळे येतो, याचा ते अभ्यास करत होते. तीच हातोटी त्यांनी शहराच्या हवेला लावली. गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून सुटणारी हायड्रोकार्बन्स, जोडीला नायट्रोजनची ऑक्साइड्स, आणि वर इथलं लख्ख ऊन. यातून ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबराला त्या हवेत चिरा पडतात, आणि त्या चिरांवरून ओझोन किती हे मोजता येतं. 1967 मध्ये राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मित. 1984 पासून इथे ‘स्मॉग चेक’ आहे, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. 1976 किंवा त्यानंतरची पेट्रोल गाडी असेल, आणि अगदी नवी नसेल, तर साधारण दर दोन वर्षांनी ही तपासणी पास व्हावीच लागते.

जुन्या गाडीच्या हौशी लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला वाटत नाही. इंजिन बदलू नका, असं तो म्हणतच नाही. तो म्हणतो, इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यापेक्षा नवं आणा, त्याच वर्गाच्या गाडीतलं आणा, आणि आणायचं तर बिऱ्हाडासकट आणा. धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, कॉम्प्युटर, चेक इंजिनचा दिवा, सगळं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपासून सहसा हलू देत नाही. इथे निदान वाट आहे, आणि ती हवा राखून काढलेली आहे.

(दृश्य: गॅरेज, इंजिन क्रेनला लटकलेलं)

हे जुनं बाहेर येतंय. आणि हे नवं, अपघातात मागून चेपलेल्या 1997 च्या फोररनरमधलं. दादानं नुसतं इंजिन घेतलं नाही, अख्खी गाडीच घेतली. शहाणपणाचा निर्णय, कारण बिऱ्हाडातला प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक होज तिथेच सापडतो.

दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. जुन्याचे माउंटचे ब्रॅकेट नव्याच्या ब्लॉकवर बसतात, गिअरबॉक्सही जुळतो. जुन्याला सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर होता. नव्याला तो नाही, तीन कॉइल आहेत, एका कॉइलवर दोन सिलिंडर.

अडलं ते इथे. इंजिनाच्या मागून, गिअरबॉक्सच्या वरून एक पाइप जातो. एका बाजूच्या तीन सिलिंडरांचा धूर तो दुसऱ्या बाजूला नेतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला जी जोडाची कड आहे, ती त्या पाइपला आडवी येते. दादा हातोडा घेतो. एक घाव, मग टॉर्चनं बघायचं. पुन्हा एक घाव. ही कड चेपायला सकाळ गेली. मधल्या काळात तो एक शब्दही बोलला नाही.

(दृश्य: टेबल टेनिसचं टेबल, वायरींचं जाळं)

आणि हे खरं काम. 1997 चं वायरिंग 1991 च्या गाडीत मिळवायचं. दोन्ही आराखडे शेजारी शेजारी, प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी. चिठ्ठ्यांवरचं अक्षर वहिनीचं.

“अहो, हा हिरवा लागतोय का? कापू?”

“नको नको, तो मागच्या सेन्सरचा आहे.”

तो हिरवा कापला असता, तरी गाडी चालली असती, जोरातही धावली असती. पण मग हवेचा पहारेकरी गेला असता. लॅपटॉपवर बघा. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर आहे, मागे एक. पुढच्याची रेघ सारखी वर-खाली होतेय, मागच्याची जवळपास सपाट आहे. म्हणजे मधला कन्व्हर्टर काम करतोय. दोन्ही रेघा सारख्याच नाचू लागल्या, की समजायचं तो गेला, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. 1991 च्या गाडीत हा पहारा नव्हताच. 1996 पासून तो अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचा झाला. म्हणजे दादानं हिच्यात ताकद घातली आणि पहाराही घातला. धुरापुरती ही गाडी आता 1997 ची आहे. जुन्या गाड्यांना नुसतं धुराडं म्हणणाऱ्यांनी या दोन रेघा नीट पाहाव्यात.

(दृश्य: कम्युनिटी कॉलेजचं आवार)

इंजिन बदललेली गाडी साध्या तपासणी केंद्रात आधी चालत नाही. तिला रेफरीकडे, म्हणजे राज्यानं नेमलेल्या तपासनीसाकडे न्यावं लागतं. आम्ही गेलो ते केंद्र एका कम्युनिटी कॉलेजच्या आवारात आहे. पहिल्या खेपेला परत यावं लागलं. आदल्या दिवशी बॅटरीची वायर काढली होती, त्यामुळे कॉम्प्युटरची स्मृती पुसली गेली आणि त्याच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण राहिल्या. मग आठवडाभर नुसतं चालवणं. सकाळी थंड इंजिन, हायवे, सिग्नल, पुन्हा हायवे.

दुसऱ्या खेपेला आत कॅमेरा नेता आला नाही. काचेतून घेतलेलं हे एवढंच. चाकं रोलरवर, नळी सायलेन्सरमध्ये. आधी ताशी 15 मैल, मग 25. हायड्रोकार्बन्स, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड. त्याआधी रेफरीनं आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक होज तपासली होती.

हा दादा बाहेर येतोय. हातात कागद. गाडीला रेफरीचं लेबल लागलंय. यापुढे कुठल्याही तपासणी केंद्रात ते दाखवलं की हे इंजिन हिचंच मानलं जाईल.

खर्च बराच झाला आणि चार महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

(दृश्य: पुन्हा ग्रेपवाइन. डावी लेन. दादा गाडी चालवतोय, शेजारी वहिनी. इथून शेवटापर्यंत निवेदन नाही, फक्त इंजिनाचा आवाज.)